ठोकळे मोजून द्या, अट एकच घाला

सुट्टी लागली की एकमेकांत बसणाऱ्या, लेगोसारख्या ठोकळ्यांचा डबा सतरंजीवर पालथा होतो. अर्ध्या तासात एक घर, एक गाडी, आणि मग "आई, कंटाळा आला". ठोकळे कमी पडत असतील म्हणून आपण आणखी एक खोका आणतो. माझ्या मते उलट करावं. थोडे ठोकळे, एक अट, आणि शेवटी पोरांसमोर घ्यायची चाचणी. घरी दोन भावंडं असोत की नाशिकच्या कॉलेज रोडच्या सोसायटीत जमलेली वीस पोरं, कृती हीच.

आदल्या रात्री मोजणी करा. वर आठ उंचवटे असलेले चौकोनी ठोकळे (चार बाय दोनचे) बाजूला काढा आणि मुलांच्या दर जोडीला ४० याप्रमाणे पिशव्या भरा. वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एका पिशवीत मिसळू नका. काही सैल बसतात आणि मग "आमचे खराब होते" हे भांडण सोडवत बसावं लागतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बारीक तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. त्याच्यासाठी दुप्पट मापाचे ठोकळे मिळतात.

सुरुवात छोट्या कामाने. प्रत्येकाला एकाच रंगाचे सहा ठोकळे द्या आणि पाच मिनिटांत एक प्राणी करायला सांगा. दोघांचे प्राणी सारखे निघणं जवळजवळ अशक्य. असे दोनच ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, आणि सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे! मोठ्या मुलांना ते २४ प्रकार वहीत काढायला लावा. बराच वेळ शांतता मिळते, हा आपला फायदा.

आता मुख्य काम, पूल. दोन टेबलांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. अट एकच: मध्ये खांब नाही. चाचणी अशी की पुलाच्या मधोमध प्लास्टिकची डबी ठेवायची आणि पूल मोडेपर्यंत तिच्यात चमच्या-चमच्याने हरभरे टाकायचे. बहुतेक जोड्या आधी एकापुढे एक ठोकळे मांडतात आणि उचलताच सगळं सुटतं. सांगू नका. थोड्या वेळाने कुणीतरी वरचा थर असा लावतं की खालच्या दोन ठोकळ्यांचा सांधा वरच्या ठोकळ्याच्या मध्यावर येतो, गवंडी विटा लावतो तसा. दहा ठोकळ्यांचा एक थर टेबलांवर टेकून पुरतो, म्हणजे ४० मध्ये चार थर होतात. ते रुंदीत घालायचे की उंचीत, हा खरा प्रश्न. उंचीत घातलेले जास्त तग धरतात. पूल मोडताना खाली वाकून बघायला लावा: आधी तळाचा सांधा उघडतो, कारण वजनाने खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. नाशिकमधल्या गोदावरीवरच्या होळकर पुलाच्या कमानी दगडाच्या का, हे मग मुलंच विचारतात. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत दगडावर मुख्यतः दाबच येतो.

दुसरं आव्हान नाशिककरांना सांगावंच लागत नाही. गोदावरीचा पूर किती, हे आपण नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, पाणी तिच्या कुठवर आलं ते बघून. मुलांना परातीत आपापला मारुती उभा करू द्या, दहा थरांचा. एका ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे मारुती साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा. गुडघा, कमर, छाती यांसाठी वेगळ्या रंगांचे थर. मग एकाने 'गंगापूर धरण' व्हायचं आणि तांब्याने विसर्ग सोडायचा, बाकीच्यांनी "गुडघ्याला लागलं!" अशी वर्दी द्यायची. परात उथळ असेल तर पसरट बादली किंवा टब घ्या. अट: पाणी छातीला लागेपर्यंत मारुती कलंडता कामा नये. इथे गंमत होते. ठोकळे आतून पोकळ असल्याने हवा अडकते, ते हलके होतात आणि बारीक पायाचा मनोरा आडवा होतो. पाया रुंद करायचा की खाली दगड बांधायचा, ठरवू द्या त्यांना. गच्चीत किंवा मोरीत करा, हॉलमध्ये नको.

वेळ उरला तर द्राक्षाचा मांडव: कमीत कमी खांबांवर छत, खालून खेळण्यातला ट्रॅक्टर जायला हवा. किंवा पाठमोरा खेळ: एकाने लपवून काही बनवायचं, दुसऱ्याने फक्त ऐकून तसंच बनवायचं. "डावीकडे लाव." "तुझ्या डावीकडे की माझ्या?" इथेच दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

मोठ्यांसाठी एकच नियम, हात मागे बांधून बसायचं. मदत मागितली तर उत्तराऐवजी "कुठे सुटतंय, दाखव" एवढंच म्हणा. बक्षीस 'सर्वात सुंदर'ला देऊ नका, त्यावर कुणाचं समाधान होत नाही. हरभऱ्याच्या चमच्यांचा आकडा फळ्यावर लिहिला की वादच मिटतो. वीस मिनिटं बांधायला, दहा चाचणीला. यापेक्षा लांबवलं की धाकटी पोरं एकमेकांचे मनोरे पाडायला लागतात.

मोडायची वेळ आली की रडारड होते. आधी फोटो काढा, मग पिशवीत पुन्हा ४० मोजून भरायला मुलांनाच सांगा. घट्ट बसलेले ठोकळे दाताने सोडवू देऊ नका. वर एक लांब ठोकळा बसवून तो बाजूला वाकवला की निघतात. पुरात भिजलेले कोमट पाण्याने धुवा, ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, आणि पंख्याखाली वाळवा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका.