ओझोनचं भोक आणि ग्लोबल वॉर्मिंग, गल्लत कशी टाळायची

भाचा एमपीएससी करतोय, परवा म्हणाला मामा ओझोनला भोक पडलंय, त्यातून ऊन जास्त येतं म्हणून पृथ्वी तापते ना? मी हसलो नाही कारण कॉलेज संपेपर्यंत मीपण हेच समजायचो. व्याख्या पाठ करून हे सुटत नाही, चित्र काढा.

कोरा कागद घ्या, खाली जमीन, वर सूर्य. साधारण १६-१७ किमीवर एक रेघ मारा, तिच्याखाली तपांबर, म्हणजे ढग पाऊस वारा सगळी गडबड इथेच (ही आपल्याकडची उंची, ध्रुवांकडे ती निम्म्यावर येते). रेघेच्या वर ५० किमीपर्यंत स्थितांबर. बाकीची अंबरं सध्या सोडून द्या.

आता दोन बाण. सूर्याकडून खाली येणारा, त्यात दिसणारा प्रकाश आणि थोडे अतिनील म्हणजे यूव्ही किरण. दुसरा जमिनीकडून वर जाणारा, तो इन्फ्रारेड, आपल्या डोळ्याला दिसत नाही पण तापलेली गच्ची रात्री जी धग सोडते ना, तोच. बास, इथून पुढे कुठल्याही वायूचं नाव आलं की एकच विचारायचं, हा कुठला बाण अडवतो?

स्थितांबरातला ओझोन खाली येणारा यूव्ही अडवतो, तो पातळ झाला तर भीती त्वचेच्या कॅन्सरची, मोतीबिंदूची. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ वर जाणारा इन्फ्रारेड अडवतात, हे झाले ग्रीनहाऊस वायू. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना हे पुस्तक न वाचता माहितीय, हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री पारा धाडकन खाली आणि ढग आले की थंडी गायब, कारण ढग आणि वाफ गोधडीसारखी धग धरून ठेवतात. ही गोधडीच नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास न राहता उणे १८ झालं असतं, म्हणजे ग्रीनहाऊस इफेक्ट मुळात वाईट नाही, गोधडीवर गोधडी टाकत जाणं वाईट.

नायट्रोजन (७८ टक्के) आणि ऑक्सिजन (२१ टक्के) हवेत एवढे भरलेत पण इन्फ्रारेड जवळपास अडवतच नाहीत, सारखे दोन अणू जोडलेला रेणू त्याला दाद देत नाही.

पीपीएम म्हणजे १० लाखांत किती. कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर गेलाय, १९५८ मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता. वानखेडे स्टेडियम साधारण ३३ हजारांनी भरलंय असं धरा, त्यात हा वायू म्हणजे फक्त १४ माणसं! एवढ्याशा १४ जणांनी काय होणार असं वाटतं खरं, पण नायट्रोजन-ऑक्सिजनची बाकी गर्दी इन्फ्रारेडला वाट देते आणि हे १४ जण वाटेत उभे राहतात.

एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा वेगळा कागद. तो आपण नाकातून काय घेतो त्याचा आकडा, आपल्या देशाच्या एक्यूआयमध्ये आठ प्रदूषकं आहेत आणि त्यात कार्बन डायऑक्साइड नाहीच. ओझोन मात्र आहे, कारण गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल-सॉल्व्हंटच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगतच ओझोन तयार होतो, म्हणून तो दुपारी वाढतो. रेणू तोच, पण वर ढाल आणि खाली छातीला त्रास.

भाच्यानं एवढं सगळं काढलं आणि विचारलं, मग जुन्या फ्रीजमधला थंडावा देणारा वायू सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) कुठे लिहू? म्हटलं दोन्हीकडे लिही. वर गेल्यावर यूव्हीनं त्याचा क्लोरीन सुटतो आणि एकेक क्लोरीन हजारो ओझोन रेणू मोडतो, म्हणून तर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, आणि शिवाय तो स्वतः इन्फ्रारेडही अडवतो. सगळी गल्लत बहुतेक याच्यामुळेच सुरू झाली असावी.