नैसर्गिक डिओडरंटने काखेत पुरळ उठलं, तर त्वचा कशी सावरावी आणि कारण कसं शोधावं

काखेत आग होते, लाल चट्टा उठतो, आणि डबीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असल्यामुळे आपला संशय भलतीकडेच जातो. साबण बदलून बघतो, कपड्यांची पावडर बदलून बघतो. मीही जवळजवळ दोन महिने हेच केलं. पदार्थ कुठून आला एवढंच 'नैसर्गिक' या शब्दातून कळतं. तो तुमच्या कातडीला मानवेल की नाही, याची त्यात काहीच हमी नसते.

सर्वांत आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका: "काखेचं डिटॉक्स चालू आहे, थोडे दिवस सहन करा." अँटीपर्स्पिरंट, म्हणजे घामच रोखणारं उत्पादन, सोडल्यावर घाम वाढतो हे खरं आहे. त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांची तोंडं तात्पुरती बुजवतात, आणि वापर थांबला की ती मोकळी होतात. वासही काही दिवस जास्त जाणवू शकतो. पण लाली, आग आणि सालं निघणं हा त्वचेचा दाह आहे, त्यातून कुठलंही विष बाहेर पडत नसतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. या सल्ल्यावर विसंबून मी तीन आठवडे रोज तेच डिओडरंट लावत राहिले. पुरळ गेल्यावरही काखा काळ्या पडलेल्या राहिल्या आणि तो रंग फिका व्हायला कित्येक महिने लागले.

१. वापर थांबवा. आजच, दोन्ही काखांत. "थोडंसंच लावून बघते" हा मधला मार्ग चालत नाही.

२. आरशासमोर हात वर करून पुरळ नेमकं कुठे आहे ते पाहा. काखेच्या मधल्या खोलगट भागात असेल, तर डिओडरंटवर संशय घ्यायला जागा आहे. खोलगट भाग स्वच्छ आणि कडेकडेने, कापड घासतं तिथे पुरळ असेल, तर कपड्याचा रंग किंवा त्यावरची प्रक्रिया कारण असण्याची शक्यता जास्त. मुख्य चट्ट्याभोवती बारीक बारीक सुटे फोड दिसत असतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. मिनिटभराचं काम आहे, पण यामुळे पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

३. त्वचा शांत करा. कोमट पाणी, सौम्य बिनवासाचा क्लिन्झर, टॉवेलने न चोळता टिपून कोरडं करणं, आणि वर पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. खाज फार असेल तर थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दहा मिनिटं ठेवा. रेझर, वॅक्स, केस काढायचं क्रीम, सगळं बंद.

1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम काही दिवस चालतं, पण आठवड्याच्या पुढे स्वतःच्या मनाने लावू नका. काखेची कातडी पातळ असते आणि घडीत दाबलेली राहते, त्यामुळे तिथे स्टेरॉइड जास्त शोषलं जातं. तीव्र स्टेरॉइडची आणि 'सगळ्यावर एकच' प्रकारची मिश्र मलमं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काखेत लावूच नका. व्हिनेगर किंवा लिंबू लावून 'पीएच सुधारा' असं सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. फाटलेल्या कातडीवर आम्ल ओतल्याने काहीही सुधारत नाही.

या दिवसांत वासाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास येतो. दिवसातून दोनदा काखा धुणं, पूर्ण कोरड्या करणं आणि दुपारी कपडा बदलणं, एवढ्यावर बहुतेकांचं निभतं. जुन्या कपड्यांच्या काखेत डिओडरंटचा थर साचलेला असतो, तो मात्र नीट धुऊन काढा. नाहीतर तुम्ही वापर थांबवलात तरी कपडा तो लावतच राहतो.

४. थांबा. लाली गेली म्हणजे कातडी बरी झाली असं धरू नका. दिसायला पूर्ववत झाल्यावर निदान दोन आठवडे काहीही लावू नका.

५. दोषी घटक शोधा. माझी चूक इथेच झाली, आणि बहुतेकांची इथेच होते. पुरळ उठलं की सगळे खाण्याच्या सोड्याकडे बोट दाखवतात. त्याला कारणही आहे. निरोगी त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो आणि सोड्याच्या द्रावणाचा 8.3च्या आसपास. ओल्या, घासल्या जाणाऱ्या घडीत रोज असा क्षार बसला की त्वचेचं संरक्षक आवरण झिजतं, शिवाय सोड्याचे कण खरखरीतही असतात. मीही सोड्यालाच दोषी ठरवलं, 'सोडाविरहित, संवेदनशील त्वचेसाठी' लिहिलेली दुसरी डबी आणली, आणि पाचव्या दिवशी तेच पुरळ परत उठलं. दोन्ही डब्यांत लव्हेंडरचं तेल होतं. मी फक्त डबीच्या पुढच्या बाजूचं वाचलं होतं, मागची यादी वाचलीच नव्हती.

दाह दोन प्रकारचा असतो, आणि त्यांतला फरक कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. पहिला म्हणजे निव्वळ चुरचुर. पदार्थच कातडीला बोचणारा असतो, पुरेसा आणि पुरेशा वेळा लावला तर कोणालाही त्रास होईल. यात आग जास्त होते आणि त्रास लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होतो, नाहीतर रोजच्या वापराने हळूहळू साचत जातो. सोडा बहुतेक वेळा या गटात येतो. दुसरा म्हणजे अॅलर्जी. यात खाज जास्त, आणि पुरळ लावल्यानंतर एक ते तीन दिवसांनी उठतं, कधी काखेच्या बाहेरही पसरतं. सुगंधी तेलं या गटातली. महिनोन्‌महिने मानवलेली वस्तू अचानक त्रास देऊ लागते ती यामुळेच: शरीराला तिची ओळख पटायला वेळ लागतो, आणि एकदा पटली की ती सहसा आयुष्यभर टिकते. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून आणखी तीव्र अॅलर्जीकारक होतात, म्हणून वर्षभर उघडी राहिलेली डबी नव्या डबीपेक्षा जास्त धोक्याची.

आता कागद घ्या. एका बाजूला त्रास दिलेल्या प्रत्येक डिओडरंटचे सगळे घटक लिहा. दुसऱ्या बाजूला, तुम्ही अंगाला लावून तशीच ठेवता आणि बिनतक्रार मानवतात अशा क्रीम-लोशनचे घटक. धुऊन टाकायचा साबण-शाम्पू इथे धरू नका, ते कातडीवर फार वेळ राहत नाहीत. दोन्हीकडे असलेलं नाव संशयातून वगळा, त्रास दिलेल्या सगळ्या डब्यांत असलेल्या नावाला गोल करा. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, त्यामुळे सोडियम बायकार्बोनेट दुसऱ्या-तिसऱ्या जागी असेल तर तो भरपूर आहे असं समजा. सुगंधी तेलं शेवटाला असतात, पण अॅलर्जीला तेवढा अंशही पुरतो. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही नावं सुगंधातलीच आहेत. मधमाश्यांचं मेण आणि प्रोपोलिस (पोळ्यातला डिंकासारखा पदार्थ) हेही संशयितांत धरा.

मग चाचणी. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीजवळ, नाण्याएवढ्या जागी डिओडरंट दिवसातून दोनदा लावा आणि हे दहा दिवस करा. "चोवीस तास लावून बघा, काही झालं नाही तर वापरा" हा सल्ला सगळीकडे आढळतो आणि तो अपुरा आहे. माझ्या हातावर तीन दिवस काहीच नव्हतं, चौथ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली. लाली किंवा खाज दिसली की धुऊन टाका, ती वस्तू तुमच्यासाठी संपली. आणि कळकळीने सांगते, शुद्ध सुगंधी तेल किंवा सोड्याचा लेप थेट कातडीवर लावून चाचणी करू नका. त्याने निरोगी कातडीही भाजते, वर नवी अॅलर्जी जडायचा धोका.

हातावर दहा दिवस निभलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. हाताला अॅलर्जी कळते, चुरचुर कळेलच असं नाही, कारण तिथे काखेसारखा ओलावा आणि घर्षण नसतं. म्हणून पुढचे दोन आठवडे फक्त एकाच काखेत, एक दिवसाआड लावा. दुसरी काख तुलनेसाठी मोकळी ठेवा. दोन्ही काखा सारख्याच लाल झाल्या तर कारण उन्हाळा, कपडा किंवा दुसरं काही असू शकतं. लावलेलीच लाल झाली तर शंकेला जागा उरत नाही.

६. नवं डिओडरंट निवडा. सोडा नसलेलं आणि 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेलं घ्या. 'अनसेंटेड'वर भागवू नका, त्यात मूळ वास झाकणारा सुगंध असू शकतो. सोड्याच्या जागी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बऱ्याच जणांना मानवतं, कारण ते पाण्यात फारच थोडं विरघळतं. तुरटीचा खडाही चालतो, पण तीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे हे माहीत असू द्या.

७. केस रात्री काढा, डिओडरंट दुसऱ्या दिवशी लावा. रेझरने होणाऱ्या बारीक ओरखड्यांवर काहीही चुरचुरतंच.

पू, ताप, पाणी झिरपणं, दुखऱ्या गाठी पुन्हा पुन्हा येणं, किंवा वापर थांबवून दोन आठवडे झाले तरी पुरळ न उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. घटक सापडतच नसेल तर पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना डबी सोबत न्या. फेकून दिली असेल, तर घटकांच्या यादीचा फोटो तरी न्या.