घोळणा फुटला तर

खेळाच्या तासाला मी मुलांना हे पुन्हा पुन्हा करून दाखवते: घोळणा फुटला की मान मागे टाकायची नाही. रक्त घशात उतरतं, मळमळतं, उलटी होते.

मित्राला बसवा, किंचित पुढे वाकायला सांगा. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा, सलग १० ते १५ मिनिटं. घड्याळ लावाच. मुलं सारखी बोटं काढून ‘थांबलं का’ बघतात आणि धरत आलेली गुठळी सुटते. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. रक्त बघून पोर घाबरतंच, म्हणून शेजारी बसून बोलत राहा. दुसऱ्याला शिक्षकांकडे पिटाळा.

नंतर दिवसभर नाक शिंकरू नका.

डोक्याला मार लागला असेल किंवा २० मिनिटांनीही रक्त थांबलं नाही, तर थेट दवाखाना.