हॉल सेन्सरची संवेदनशीलता मोजताय? या चुका टाळा

दुकानात नुसता ‘हॉल सेन्सर’ (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा इलेक्ट्रॉनिक भाग) मागितला की बहुतेक वेळा हातात ए३१४४ पडतो. तीन पायांचा, काळा, दिसायला ४९ईचा, म्हणजे क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज बदलणाऱ्या हॉल सेन्सरचा, जुळा भाऊ. पण तो निव्वळ स्विच: चुंबक आलं की आउटपुट खाली, गेलं की वर, तेही पुल-अप रोधक (आउटपुट आणि पुरवठा यांच्यामधला रोधक) लावला तरच. त्याची संवेदनशीलता (क्षेत्र बदललं की व्होल्टेज किती बदलतो ते) काढणं म्हणजे दिव्याच्या बटणाने उजेड मोजणं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. आधी अंगावरचा नंबर वाचा, भिंग घेऊन.

१८७९ मध्ये एडविन हॉलने सोन्याच्या वर्खातून वीज सोडली, काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज पकडला. ‘काटकोनात’ हा शब्द विसरू नका. सेन्सर ३० अंश कलला तरी वाचन १३ टक्क्यांनी घसरतं.

सर्वांत जास्त फसवतो तो शून्याचा आकडा. ५ व्होल्टवर ४९ई चुंबकाविना २.५ व्होल्ट देतो, म्हणून सगळे २.५ गृहीत धरतात. पण यूएसबीतून ४.७ व्होल्टच येत असतील, तर मल्टिमीटर २.३५ दाखवेल. संवेदनशीलता गॉसमागे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) साधारण १.४ मिलिव्होल्ट, म्हणजे चुंबक नसतानाच शंभरावर गॉसचा भास! पुरवठा आणि शून्य, दोन्ही आधी मोजा. (आर्डुइनो बोर्डाचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, सहसा त्याच पुरवठ्याशी तुलना करतो, म्हणून तिथे ही चूक लपून राहते.)

फ्रीजवरचं चुंबक आणि पट्टी घेऊन कॅलिब्रेशन नको. त्या चुंबकाची ताकद तुम्हाला कुठे माहीत आहे? १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीवर ३०० वेढे घ्या. १ अँपिअरला मधोमध सुमारे ३७ गॉस मिळतात, म्हणजे ४९ईवर ५० मिलिव्होल्टच्या आसपास फरक. सेन्सर नळीच्या आत मधोमध ठेवा, त्याचं सपाट तोंड नळीच्या उघड्या टोकाकडे हवं. अर्धा, एक अँपिअर, मग तारा उलट्या करून पुन्हा तेच. आडवं गॉस, उभं व्होल्टेज अशा आलेखाचा चढ म्हणजे संवेदनशीलता. वाचन झालं की लगेच वीज बंद करा, कॉइल तापते आणि सेन्सरही. पक्कड, स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा, लोखंडाने क्षेत्र बदलतं.

निओडिमियम चुंबक टेकवल्यावर आकडा चार व्होल्टच्या जवळपास अडकला, तर सेन्सर फेकू नका. तो फक्त संपृक्त झालाय, म्हणजे मोजण्याच्या कमाल मर्यादेला पोचलाय, चुंबक मागे घ्या.