राणीच्या काळातला पोलीस कागदांतून कसा शोधावा

लंडनच्या जुन्या नाण्यांच्या आणि पदकांच्या बाजारात ब्राँझचं एक पदक हमखास दिसतं. एका अंगाला छोटा मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या अंगाला पानांच्या माळेत ज्युबिलीचा मजकूर, आणि गडद निळी फीत. विकणारा ते 'पोलिसाचं शौर्यपदक' म्हणून पुढे करतो. नव्याने या नादाला लागणाऱ्याने एवढं आधी लक्षात ठेवावं, की यात शौर्याचा काही संबंध नाही. हे हजेरीचं पदक आहे. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २१ जून १८८७ रोजी, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत थाटाची मिरवणूक निघाली. आपल्या इंदूरचे शिवाजीराव होळकरही त्या सोहळ्यासाठी लंडनला गेले होते. त्या बंदोबस्तावर जे पोलीस होते, त्यांना हे पदक मिळालं. दहा वर्षांनी साठीचा सोहळा झाला, तेव्हा पुन्हा तेच. त्याची तारीख मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने पाठ असते: २२ जून १८९७. लंडनचे शिपाई रस्त्यावर रांगा धरून उभे होते त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

पदकाची कड आधी वाचा. दर्शनी बाजू सगळ्यांची सारखीच. माणूस कडेवर आहे. तिथे हुद्दा, नाव आणि डिव्हिजनचं अक्षर कोरलेलं असतं. मेट्रोपॉलिटन पोलीस दलाचे विभाग अक्षरांनी ओळखले जात: ए म्हणजे व्हाइटहॉल, एच म्हणजे व्हाइटचॅपल, एन म्हणजे इझलिंग्टन, आर म्हणजे ग्रिनिच. कडेवर नुसतं 'पीसी' असेल तर साधा कॉन्स्टेबल, 'पीएस' असेल तर सार्जंट. नंबर मात्र नसतो, आणि इथूनच खरी मेहनत सुरू होते.

ज्याला १८८७ चं पदक मिळालेलं होतं, त्याला १८९७ मध्ये नवं पदक दिलं नाही. जुन्याच फितीवर चढवायला '१८९७' अशी एक पट्टी दिली. त्यामुळे पट्टी असलेल्या पदकाच्या कडेवर १८८७ ची डिव्हिजन असते, दहा वर्षांनंतरची नव्हे. मधल्या काळात माणूस दुसरीकडे बदलून गेलेला असू शकतो. आणि पट्टी ही सुटी वस्तू आहे, कोणीही कोणत्याही पदकावर चढवू शकतो. त्या माणसाने १८९७ पर्यंत नोकरी केली होती का, हे कागदांवरून ठरवा, मगच पट्टीवर विश्वास ठेवा. व्हाइटचॅपलच्या खुनांच्या, म्हणजे १८८८ च्या 'जॅक द रिपर' प्रकरणाच्या, तपासामुळे ज्याचं नाव जगभर झालं तो इन्स्पेक्टर फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन १८९२ मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या नावाचं पट्टी लावलेलं पदक उद्या कोणी विकायला काढलं, तर मी हातही लावणार नाही. उलट त्याचा वरिष्ठ डोनाल्ड स्वॉन्सन १८६८ ते १९०३ नोकरीत होता, म्हणजे १८८७, १८९७ आणि १९०२ चा राज्याभिषेक सोहळा, तिन्ही त्याच्या कारकिर्दीत बसतात. १९०२ चं पदक खालच्या हुद्द्यांना ब्राँझचं आणि सुपरिंटेंडेंटपासून वर चांदीचं होतं. तेव्हा धातूवरूनही हुद्दा पडताळता येतो.

आता मुख्य गोष्ट, वॉरंट नंबर. लंडनच्या पोलिसाला दोन नंबर असत. गळपट्टीवरचा नंबर डिव्हिजनचा. बदली झाली की तो बदलायचा, आणि माणूस गेला की तोच नंबर दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे बक्स रोमध्ये याच खुनांतल्या मेरी अ‍ॅन निकोल्सचं प्रेत पाहणारा जॉन नील '९७ जे' होता. पुढच्या एखाद्या वर्षाच्या कागदात '९७ जे' सापडला, तर तो नीलच असेल असं अजिबात नाही. वॉरंट नंबर मात्र भरतीच्या दिवशी मिळायचा आणि कायमचा त्याच माणसाचा राहायचा. १८२९ मध्ये एकपासून सुरुवात झाली. तो पहिला नंबर ज्याला मिळाला त्याला दारू प्यायल्याबद्दल त्याच दिवशी काही तासांत घरी पाठवलं होतं, हा किस्सा इथले निवृत्त पोलीस अजून मोठ्या चवीने सांगतात.

हे नंबर क्रमाने चालत असल्यामुळे नुसत्या नंबरावरून भरतीचं साल काढता येतं. अ‍ॅबरलाइन जानेवारी १८६३ मध्ये लागला, त्याचा नंबर ४३५१९. स्वॉन्सन १८६८ चा, ५०२८२. जानेवारी १८८९ ला आकडा ७४२०१ वर पोचला होता. म्हणजे वर्षाला साधारण बाराशे माणसं. तुमच्या माणसाचा नंबर ६०००० च्या आसपास असेल, तर १८७६ च्या आगेमागे शोधा. एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब, पण रजिस्टरांची किती पानं उलटायची वाचतात ते तिथे बसल्यावरच कळतं.

ही रजिस्टरं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात, आहेत. डिस्ट्रिक्ट लाइनवर क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. वाचकपत्र काढायला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कागदाचे फोटो मात्र स्वतःच्या फोनने बिनपैशाने काढता येतात. काय हवं ते घरूनच कॅटलॉगमध्ये पाहून आधी मागवून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस नुसता वाट पाहण्यात जातो. पोलिसांच्या कागदांवर 'एमईपीओ' (मेट्रोपॉलिटन पोलिसांचं लघुरूप) हा शिक्का असतो. त्यातल्या चौथ्या मालिकेत भरतीची आणि नोकरी सोडल्याची रजिस्टरं, एकविसाव्या मालिकेत १८५२ पासूनचे पेन्शनचे कागद, सातव्या मालिकेत रोजचे पोलीस हुकूम.

यातलं कोणतं उघडायचं, हे तुमचा माणूस नोकरीतून कसा बाहेर पडला त्यावर ठरतं. नवखे बहुतेक जण कसा आला ते आधी शोधतात. मी उलटं सुचवीन. भरतीच्या नावनिहाय रजिस्टरांमध्ये १८५७ ते १८७८ असं मोठं भगदाड आहे, आणि ज्युबिलीच्या पदकांचे बरेचसे मानकरी नेमके त्याच काळात भरती झालेले. शेवटाकडून गेलात तर वाट मिळण्याची शक्यता जास्त.

पेन्शन घेऊन गेला असेल तर तुमचं नशीब उघडलं. त्या कागदावर उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, जन्मगाव, भरतीची नि निवृत्तीची तारीख, लग्न झालं की नाही, पुढे कुठे राहणार, सगळं असतं. १८९० च्या कायद्याने पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन हा हक्क झाला. त्याआधी ती वरच्यांच्या मर्जीवर होती. म्हणून जुन्या माणसांच्या कागदांत डॉक्टरचा शेराही नीट वाचावा. थंडीपावसात रात्रपाळ्या करून छाती आणि सांधे गेलेले शिपाई पानोपानी भेटतात.

बडतर्फ झाला असेल तर पेन्शनच्या मालिकेत तो नाहीच. आल्फ्रेड लाँगचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे व्हाइटचॅपलच्या गूल्स्टन स्ट्रीटमध्ये रक्ताने भरलेला अ‍ॅप्रनचा तुकडा याला सापडला. नंबर '२५४ ए', म्हणजे माणूस व्हाइटहॉलचा, तात्पुरता व्हाइटचॅपलला धाडलेला. नुसत्या एच डिव्हिजनच्या कागदांत शोधणाऱ्याला तो मिळणार नाही. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कामावर दारू प्यायलेला सापडला म्हणून त्याला काढून टाकलं. असा माणूस नोकरी सोडणाऱ्यांच्या रजिस्टरात पाहायचा, ते १८८९ पासून आहे, आणि पोलीस हुकुमांत, जिथे बढती, बदली, बक्षीस, बडतर्फी सगळंच छापलं जाई. हुकुमांची पानं चाळणं कंटाळवाणं आहे, पण साल-महिना अंदाजाने ठाऊक असेल तर तिथे हमखास काहीतरी हाती लागतं.

१८८९ ते १९०९ दरम्यान भरती झालेल्यांचे सेवादाखले शिल्लक आहेत, वॉरंट नंबर ७४२०१ पासून ९७५०० पर्यंत. त्यात आधीचा धंदा, शेवटचा मालक, मुलंबाळं, डिव्हिजन-बदल्या, पदावनती, सगळं एका जागी. १८९७ चं पट्टीविना पदक असेल तर माणूस या खणात सापडण्याची चांगली शक्यता आहे.

नावसाधर्म्याचा गुंता सगळ्यांना होतो. माझ्याकडच्या एका पदकावर इतकं सर्वसाधारण आडनाव आहे, की त्याच डिव्हिजनमध्ये त्या नावाचे तिघे निघाले. एक १८९१ मध्ये भरती झालेला, म्हणजे १८८७ चं पदक त्याचं असूच शकत नाही. दुसरा १८८५ मध्येच बाहेर पडलेला. उरला तो तिसरा, आणि मग डेव्हनमधलं त्याचं जन्मगाव जनगणनेशी जुळलं. लंडनच्या दलाला शहरी पोरांपेक्षा खेड्यातले धट्टेकट्टे शेतमजूर जास्त पसंत असत, म्हणून जन्मगाव लांबचं निघालं तर दचकू नका. अविवाहित शिपाई सेक्शन हाउसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सामायिक वसतिगृहात, राहायचे, जनगणनेत त्यांची नावं एकाखाली एक लावलेली दिसतात. इंटरनेटवर लोकांनी तयार केलेल्या वंशावळी मात्र शेवटी पाहाव्यात, तेही संशयाने.

माणूस हाडामांसाचा दिसतो तो ओल्ड बेली कोर्टाच्या छापील कामकाजात. १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले इंटरनेटवर फुकट आहेत. शिपायाच्या साक्षीशेजारी त्याचा नंबर आणि डिव्हिजन छापलेली असते: रात्री किती वाजता बीटवर होतो, आरोपी कुठून पळाला, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला. नावाने आणि नंबराने वेगवेगळं शोधा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी पैसे मोजावे लागतात, तेही नंतर खर्चा. उधळलेला घोडा थोपवल्याबद्दल मिळालेली शाबासकी तिथेच सापडते.

शौर्यपदकच शोधत असाल तर व्हिक्टोरियाच्या काळात पोलिसांसाठी वेगळं सरकारी पदक नव्हतं. किंग्ज पोलीस मेडल १९०९ मध्ये आलं, आणि हिंदुस्थानातल्या पोलिसांनाही ते मिळत असे. त्याआधी फार थोड्यांना अल्बर्ट मेडल, म्हणजे जीव वाचवण्याच्या धाडसाबद्दलचं पदक, मिळालं. २४ जानेवारी १८८५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये धुमसणारा डायनामाइटचा पुडा उचलून बाहेर नेऊ पाहणाऱ्या विल्यम कोलला आणि त्याच्या जोडीच्या कॉक्सला ते दिलं गेलं. बुडणाऱ्याला वाचवलं असेल तर रॉयल ह्युमेन सोसायटीची नोंद पाहावी.

हे सगळं मेट्रोपॉलिटन पोलिसांचं झालं. लंडन शहराच्या मध्यातल्या 'सिटी' भागाचं दल वेगळं, त्याचे कागदही क्यूला नाहीत. ते 'द लंडन आर्काइव्ह्ज'मध्ये (आधीचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज) पाहायचे. परगण्यांच्या दलांचे त्या त्या परगण्यात. आयर्लंडच्या रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची रजिस्टरं क्यूलाच, गृहखात्याच्या १८४ क्रमांकाच्या मालिकेत.

मुंबई पोलिसांचं असंच करता येईल का, हे मला मराठी मंडळी नेहमी विचारतात. गोऱ्या अधिकाऱ्यांचं बऱ्याच अंशी येतं. १८६४ ते १८८८ मुंबईचे पोलीस कमिशनर असलेल्या फ्रँक सूटरसारख्यांचा मागोवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत घेता येतो. साध्या शिपायासाठी मात्र काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात न्यायखात्याची बाडं उघडून बसावं लागतं. तिथे शोध नावाने सुरू होत नाही, घटनेने होतो. तेव्हा पणजोबांच्या नोकरीतला एखादा दंगा, मोठी चोरी किंवा खटला घरात कोणाला आठवत असेल, तर त्याचं साल आधी विचारून घ्या.