ओटीवरच्या खोतांचं तैलचित्र कसं सांभाळावं

गणपतीच्या आधीचे आठ दिवस जुन्या तैलचित्राला वर्षातले सगळ्यांत धोक्याचे. घराला रंग निघतो, जळमटं काढली जातात, मुंबईहून चाकरमानी येतात, आणि कुणीतरी उत्साहाने ओल्या फडक्याने खापरपणजोबांचं तोंड पुसतं. कुणी बटाट्याची फोड चोळतं, कुणी खोबरेल लावून चकचकीत करतं. राजापूर तालुक्यातल्या एका घरात खोतांच्या उपरण्याची जरीची किनार अशीच गेलेली मी पाहिली. चित्रकार अशी किनार अगदी शेवटी, पातळ पिवळ्या रंगाने वरच्यावर ओढतो. फडक्यावर पिवळं आलं तेव्हा घरच्यांना वाटलं, मळ निघतोय.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवली. अशा घरांतून बोलावणं येतं, "मास्तर, जरा साफ करून द्याल?" सगळ्यांना मी एकच सांगतो: हलकी धूळ झाडण्यापलीकडे पुढच्या बाजूला हात लावू नका. मागची बाजू, भिंत आणि हवा सांभाळा, तेवढं आपल्या हातात आहे आणि तेवढ्यानेच चित्र टिकतं.

आधी ते खरंच तैलचित्र आहे का ते बघा. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून छापील, वरून व्हार्निश दिलेली चित्रं घरोघरी गेली. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर ते छापील. रंगाखाली सगळीकडे सपाट करडेपणा असेल तर बहुधा रंगवलेला फोटो. तैलचित्रात ब्रशचे फटके दिसतात, पगडीच्या घड्यांवर आणि अंगठीच्या चमकेवर रंग जाडसर उठलेला असतो. छापील चित्र आणि फोटो कागदावर असतात, त्यांची काळजी वेगळी.

मग चित्र उतरवून मागून बघा. दोघांनी मिळून, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना धरून. वरच्या पट्टीला धरून कधीच उचलू नये. कॅनव्हासच्या पाठीवर कधी विन्सर अँड न्यूटनसारख्या रंगसाहित्याच्या विलायती कंपनीचा शिक्का असतो, कधी दुकानाचा पत्ता, कधी शाईने लिहिलेलं नाव. त्या पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. पुढून खालच्या कोपऱ्यात सही शोधा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे शिकलेल्यांनी खूप व्यक्तिचित्रं केली, सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) त्यांपैकीच. सही नसली तरी निराश होऊ नका, आणि मागच्या जुन्या चिठ्ठ्या, फळ्या काही फेकू नका. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

कोकणात चित्र बिघडतं ते का, हे एकदा समजून घ्या. कापडाला आधी सरस लावलेला असतो, त्यावर पांढरं अस्तर, मग तैलरंग, वर व्हार्निश. सरस हवेतली ओल पितो. जुलैत हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. सरस फुगतो, मऊ पडतो, कापड सैलावतं. पावसाळा सरला की तेच कापड ताणलं जातं. रंग मात्र शंभर वर्षांत काचेसारखा ठिसूळ झालेला असतो, तो कापडाबरोबर हलत नाही, तडकतो. म्हणजे ओल वाईट खरीच, पण ओल-कोरड्याची ओढाताण त्याहून वाईट. त्या खोलीत दिवसा एसी आणि रात्री बंद असं करू नका. चित्राखाली बल्ब लावून शेक देऊ नका. दारं उघडी ठेवून हवा खेळती राहिली की पुष्कळ.

कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणलेलं असतं, तिच्या कोपऱ्यांत आतून लाकडी पाचरी असतात. पावसात कापड सैल दिसलं की हातोडी घेऊन पाचरी ठोकायचा मोह होतो. ठोकू नका, डिसेंबरात ते कापड तितकंच जास्त ओढलं जाईल. खालच्या कडेजवळ चित्राला पुढून फुगवटा दिसत असेल तर बहुतेक वेळा निसटलेली पाचर कापड आणि पट्टी यांच्यामध्ये अडकलेली असते. पोस्टकार्ड हलकेच आत सरकवून ती बाजूला घेता येते, पण तिथला रंग सुटत नसेल तरच.

भिंत. जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी धरते, आणि पश्चिमेकडची, पावसाचा मारा घेणारी भिंत तर ऑक्टोबरपर्यंत ओली असते. चित्र माजघराच्या आतल्या भिंतीवर न्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये बोटभर हवा राहील. सुतळी कुजते, लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची तार आणि दोन हुक घ्या. ऊन थेट पडता कामा नये. देवघराच्या दारासमोर नको, समईची आणि उदबत्तीची काजळी व्हार्निशवर बसते. डांबराच्या गोळ्या मागे ठेवू नका. वाळवीचं औषध भिंतीला मारायचं असेल तर चित्र आधी दुसऱ्या खोलीत.

पितृपक्षात हार घालतात, गंध लावतात. ताज्या फुलांचं पाणी कापडात उतरतं आणि गंध तर रंगातच बसतं. श्रद्धा मोडायची नाही; चित्राखाली पाट मांडून त्यावर एक छोटा फोटो ठेवा, हार-गंध त्याला करा. मी सांगितलं त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनीही हे मनापासून मान्य केलं.

धूळ काढण्याआधी संध्याकाळी दिवे घालवून टॉर्च कडेने, चित्राला जवळजवळ टेकवून धरा. उचललेले पापुद्रे सावली टाकतात. एकही दिसला तर धूळ काढायची नाही. चित्र उताणं, रंग वर करून, कोरड्या खोलीत पलंगावर ठेवा, वरून स्वच्छ सुती चादर अधांतरी ताणा, प्लास्टिक नको. पडलेले कण कागदी पाकिटात जपून ठेवा, कुठून पडले ते वर लिहा. पापुद्रे नसतील तर वॉटरकलरचा नवा, मऊ, सपाट ब्रश घेऊन वरून खाली हलक्या हाताने झाडा. पिसांचा झाडू नको, पिसं अडकतात.

चेहरा चहाच्या रंगाचा दिसत असेल तर ते बहुतेक पिवळं पडलेलं व्हार्निश. ते काढणं जाणकाराचं काम. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. कुणाकडेही द्याल तरी लेखी अंदाज घ्या, आणि "तुम्ही चित्राला जे लावाल ते पुढे काढता येईल का?" हे विचारा. उत्तर टाळणाऱ्याला चित्र देऊ नका. न्यायचं ते दिवाळी ते होळीच्या दरम्यान, गाडीत उभं, प्रवासाच्या दिशेला समांतर. व्हार्निश चिकट असेल तर रंगाला काहीच टेकू देऊ नका.

परदेशातल्या नातेवाइकाने मागितलं तर एवढं लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. चांगला फोटो काढून पाठवा.