लोमो साल्तादो: मोठी आच आणि लोखंडी कढई

लोमो साल्तादो हा पेरूतला, गोमांस परतून केलेला पदार्थ. 'लोमो' म्हणजे पाठीच्या कण्यालगतचं मऊ मांस आणि 'साल्तादो' म्हणजे उडवून परतलेलं. १८४९ पासून पेरूत आलेल्या चिनी मजुरांनी आपली कढई आणि सोया सॉस तिथे नेला. कांदा-टोमॅटो, मिरची आणि बटाटा तिथल्या स्वयंपाकघरातला. पदार्थ सोपा आहे, पण आपल्या सुक्या मटणाच्या सवयीने केला तर हमखास बिघडतो.

चार जणांसाठी अर्धा किलो मांस घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे पुण्यात कायदेशीर मिळतं ते म्हशीचं. कॅम्पातल्या खाटकाकडे 'अंडरकट', म्हणजे तोच कण्यालगतचा मऊ भाग, मागा. वरचा पांढरा चिवट पापुद्रा काढून टाका आणि धाग्याला आडवे, बोटाएवढे जाड तुकडे कापा. पातळ काप केले तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून वातड होतात. म्हशीच्या मांसात चरबी कमी, म्हणून ते लवकर कोरडं पडतं. तुकडे कोरड्या फडक्याने टिपून घ्या. अर्धा चमचा मिरपूड आणि पाव चमचा जिरेपूड आधी चोळली तरी चालेल, मीठ मात्र कढईत टाकायच्या क्षणी. आधी लावून ठेवलं तर पाणी सुटतं.

आधी बटाटे. सहाशे ग्रॅम जुने बटाटे एक सेंटीमीटर जाडीचे लांब कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवा, मग पुसून कोरडे करा. मध्यम तेलात पाच मिनिटं तळून काढा, गार होऊ द्या आणि वाढायच्या आधी कडक तेलात सोनेरी करा. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे घेऊ नका. त्यांतली साखर वाढलेली असते, ते आतून शिजायच्या आत काळपट होतात.

दोन कांद्यांच्या जाड फोडी, तीन घट्ट टोमॅटोंच्या बिया काढलेल्या फोडी, चार लसूण पाकळ्या ठेचून, तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर हे सगळं हाताशी मांडून ठेवा, कारण पुढचं काम पाच-सहा मिनिटांत संपतं. पेरूची पिवळी आही आमारियो मिरची नसेल तर पिवळ्या ढोबळी मिरचीच्या पट्ट्या आणि एक तिखट हिरवी मिरची. चव तंतोतंत तीच येत नाही, पण रंग आणि झणका जमतो.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. तेल रिफाइंड, घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास इथे वरचढ होतो. मांस तीन-चार घाण्यांत टाका. घरच्या गॅसवर अर्धा किलो एकदम टाकलं की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. पहिलं मिनिट ढवळू नका, मग उलटवा. दीड-दोन मिनिटांत बाहेर काढा. झाकण चुकूनही नाही!

त्याच कढईत कांदा मिनिटभर, तो करकरीत राहायला हवा. मग लसूण आणि मिरची. लसूण आधी टाकला तर या आचेवर जळून कडू होतो. सोया सॉस आणि व्हिनेगर कढईच्या तापल्या कडेने सोडा, म्हणजे खरपूस वास येतो. टोमॅटो आणि मांस एकत्र करून तीस सेकंद परता. टोमॅटो विरघळला तर तो रस्सा झाला. मीठ चाखूनच, सोया सॉस खारट असतो. शेवटी मूठभर कोथिंबीर.

वाढताना बटाटे आणि भात दोन्ही हवेत, 'दोन-दोन पिष्टान्नं कशाला' हा प्रश्न पेरूत कुणाला पडत नाही. बटाटे काही जण कढईतच मिसळतात, काही बाजूला ठेवतात. मिसळायचे तर अगदी शेवटच्या क्षणी. भात लसणीच्या फोडणीचा, मोकळा. कोलम चालतो, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चिकट होतो. वाटीत दाबून ताटात पालथा घाला आणि कढईतला रस त्याच्या कडेला ओता. भरगच्च ताट हवं असेल तर 'आ लो पोब्रे' पद्धतीने वर तळलेलं अंडं आणि शेजारी पिकलेल्या राजेळी केळ्याचे तळलेले काप. अंड्याचा बलक मऊ ठेवा, तो भातात उतरला पाहिजे.